मामाची गाडी आणि कुंभार्लीची चढण

शंभर सीसीच्या जुन्या गाड्यांना पूर्ण चेन कव्हर असायचं. पत्र्याचं, काळं, कुणाचंही लक्ष न जाणारं. त्याच्या खालच्या बाजूला रबराचं एक बूच असतं. ते काढून बोट आत घालायचं आणि चेन वर-खाली दाबून बघायची. साधारण 20 ते 30 मिलिमीटर हलली तर ठीक. गाडी माझ्या ताब्यात देण्याआधी मामाने अंगणात हेच केलं. गाडी डबल स्टँडवर लावली, मागचं चाक हाताने सावकाश फिरवत राहिला आणि दुसऱ्या हाताचं बोट बुचाच्या भोकात. मधेच थांबला. चाक थोडं पुढे नेलं, परत दाबलं.

"एका जाग्यावर घट्ट लागते नि दुसऱ्या जाग्यावर लोंबते," तो म्हणाला. "बाय, चिपळुणात दाखव. घाट चढायच्या आधी दाखव."

मामा वायरमन होता. नोकरीला लागला तेव्हा एमएसईबी होती, 2005 मध्ये तिच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या आणि तो महावितरणचा झाला, पण गावाच्या तोंडी शेवटपर्यंत 'बोर्डाचा वायरमन'च राहिला. गुहागर तालुक्यातल्या वाड्या एकमेकींपासून लांब, डोंगराच्या उतारावर विखुरलेल्या. मधे सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, ओढे, लाल मातीचे रस्ते. पावसात फणसाची फांदी तारेवर पडली की रात्री त्याला फोन यायचा, आणि तो रेनकोट चढवून, दोरखंड, पक्कड, हातमोजे गाडीला अडकवून निघायचा. मी मे महिन्याच्या सुट्टीत तिथे असायचे तेव्हा अंधारात दूर जाणारा गाडीचा आवाज ऐकत पडायचे. मग कधीतरी घरातला दिवा लागायचा. गाडी परत यायला अजून तासभर लागायचा, पण मामी दिवा लागला की लगेच चुलीवर चहाचं आधण ठेवायची.

नोकरीचं त्याचं शेवटचं पूर्ण वर्ष म्हणजे 2021. मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि खांब आडवे झाले. ते निस्तरेपर्यंत 22 जुलैला चिपळूण बुडालं. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, दुकानांच्या पाट्यांपर्यंत चढलं, आणि पाणी उतरल्यावर शहरात पुन्हा वीज आणायला आजूबाजूच्या तालुक्यांतले वायरमन बोलावले गेले. मामा याच गाडीवर जात-येत होता. त्या चिखलाचा वास सीटला बरेच महिने होता, असं मामी सांगते. पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला. त्यानंतर गुडघ्याने दगा दिला. या गाडीला सेल्फ स्टार्ट नाही, फक्त किक; आणि किक मारायला जो गुडघा लागतो नेमका तोच गेला. मुलगा मुंबईला, त्याला तिथे गाडीचा उपयोग नाही. भाऊबिजेला आई आणि मी मामाकडे गेलो तेव्हा मामा आईला म्हणाला, "ही घेऊन जाऊ दे गाडी. हिनेच चालवावी." मी दुचाकी शिकले ती याच गाडीवर, सड्यावर, मामा मागे बसून कानाशी "क्लच सोड, सोड, हळू सोड" म्हणत असताना. आई आणखी चार दिवस माहेरी राहणार होती. मी गाडी घेऊन एकटी निघाले, चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून कराडला घरी.

टेम्पोत घालून आणता आली असती. मामी तेच म्हणत होती, आणि तिचं म्हणणं रास्त होतं. पण गाडी टेम्पोतून आली तर ती नुसती एक वस्तू म्हणून दारात उतरली असती. मला ती रस्त्याने आणायची होती. तो आयुष्यभर जिच्यावर फिरला ती कशी चालते, कुठे कुरकुरते, कुठे मोकळी होते, हे मला हाताला आणि तळव्यांना कळायला हवं होतं.

शृंगारतळी सोडून रस्ता चढ-उतारांचा झाला तसा आवाज सुरू झाला. आधी फक्त रेस सोडल्यावर यायचा, कव्हरच्या पत्र्याला आतून कुणी नखाने टिकटिक करावं तसा. मार्गताम्हाण्याच्या पुढे चढावरही यायला लागला. हा आवाज चाकाच्या फेऱ्याशी जुळत नव्हता, त्याहून सावकाश होता. म्हणजे चाक किंवा ब्रेक नाही, चेनच. चेनचा एक पूर्ण फेरा व्हायला मागच्या चाकाचे दोन-अडीच फेरे लागतात, त्यामुळे चेनचा एखादा भाग बिघडला की त्याची तक्रार चाकाच्या दोन-तीन फेऱ्यांमागे एकदा ऐकू येते. मी वेग कमी केला, आवाज लांबला. वाढवला, जवळ आला. मोजत मोजत चिपळुणात पोचले.

दिवाळी नुकतीच संपलेली. स्पेअरपार्टची दुकानं बंद, शटरवर 'सोमवारपासून सुरू' अशी कागदं. बाजारपेठेजवळ एक गॅरेज उघडं सापडलं. साठीच्या पुढचे एक चाचा एकटेच कार्ब्युरेटर धुवत बसले होते. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर हातभर उंचीला एक मातकट रेघ होती, रंग दिलेला तरी खालून डोकावणारी. मी तिच्याकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं. "तेवढं पाणी होतं," ते म्हणाले आणि पाना घेऊन उठले.

कव्हर काढलं तेव्हा आत लाल मातीचा आणि जुन्या ऑईलचा घट्ट थर होता. त्यांनी तो आधी खरवडला, मग रॉकेलने ब्रश मारून चेन धुतली, आणि मगच बघायला सुरुवात केली. मला हे फार आवडलं. कितीतरी ठिकाणी कव्हर उघडायच्या आधीच "चेनसेट गेला", म्हणजे चेन आणि तिची दोन्ही दातेरी चाकं गेली, म्हणून सांगतात. इथे तो खरंच गेला होता, पण चाचांनी तो मला दाखवला. मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे मागच्या दातेरी चाकावर, अगदी मागच्या टोकाला, चेन दोन बोटांत धरून बाहेर ओढली. चांगली चेन तिथे दाताला घट्ट बसून राहते. ही अर्ध्याहून जास्त दात उघडा पडेपर्यंत बाहेर आली. मग पुढचं झाकण काढून लहान स्प्रॉकेट दाखवलं. दात शार्कच्या पंखासारखे एका अंगाला झुकलेले, टोकाला पातळ. दोन कड्या जाम होत्या, वाकवल्या की तशाच वाकलेल्या राहायच्या. टिकटिक त्यांचीच.

"चाचा, तुटेल का?"

"तुटायची नाही. उडेल."

हा फरक त्यांनी मला गाडीशेजारी उकिडवं बसून समजावला. चेन तुटणं वेगळं. तुटलेली चेन मागच्या चाकात अडकली तर चाक जागच्या जागी बांधलं जातं, किंवा पुढे गोळा होऊन इंजिनची केस फोडते. ती भीती खरी, पण ती बहुतेक वेळा चेन लॉकपाशी असते. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीवर एक छोटी चपटी क्लिप असते, तीच सुटते. म्हणून त्यांनी पहिल्यांदा ते लॉक नवीन घातलं आणि क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या बाजूला ठेवलं. उघडं तोंड पुढे ठेवलं तर कशालाही घासून क्लिप निसटू शकते. उडणं म्हणजे झिजलेल्या दातांवरून चेन एक दात पुढे सरकणं. ती कधी उडेल? एकदम जोर पडला की. पुढच्या स्प्रॉकेटला एका वेळी सहा-सात दातांचाच आधार असतो, आणि दात झुकलेले असले की झटका बसल्याबरोबर चेन त्या उतारावर चढते.

"एक जोड काढून टाइट करू का?" त्यांनी स्वतःच विचारलं आणि स्वतःच मान हलवली. "नको. बाहेरून टाइट दिसेल, आतून तीच. आणि घट्ट जागा आणखी घट्ट होईल, ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येईल." रस्त्यावरची अडचण म्हणून चेनची एक जोड कापून देण्याची पद्धत सगळीकडे आहे, आणि गाडी त्याने चार दिवस पुढे जातेही. पण झिजलेल्या चेनच्या प्रत्येक कडीचं अंतर बिघडलेलं असतं. लांबी कमी केल्याने ते अंतर सुधारत नाही. चाचांनी चाक मागे-पुढे करायच्या ॲडजस्टरवर उरलेल्या दोन खुणांपैकी एक घेतली, घट्ट जागेवर पुरेशी ढील राहील एवढंच चाक मागे ओढलं. जाम कड्या रॉकेल सोडून, पकडीने इकडे-तिकडे हलवून मोकळ्या केल्या. नव्वद नंबरचं ऑईल घातलं, थोडं एका छोट्या बाटलीत मला बरोबर दिलं.

"घाटात रेस धरून ठेवायची. एकदम सोडायची नाही, एकदम पिळायची नाही. थांबून परत निघायला लागलं तर झटका क्लचने खायचा, चेनने नाही. आणि एकदा उडाली म्हणून घाबरून थांबू नको. तीनदा उडाली तर मात्र उतर, गाडी लाव, नि टेम्पो बघ."

मी त्यांच्या अटींवर निघाले.

शिरगाव, अलोरे, पोफळी. घाटाच्या पायथ्याच्या या गावांची नावं मी लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून वाचत आलेय. पोफळीला डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर आहे. कोयना नदी मुळात आधी दक्षिणेला आणि मग पूर्वेला वाहते, कराडला कृष्णेला मिळते. धरणात अडवलेलं तिचं पाणी बोगद्यांतून उलट दिशेला, पश्चिमेकडे आणलं आहे आणि सह्याद्रीच्या कड्यातून खाली सोडून त्यावर जनित्रं फिरवली आहेत. तेच पाणी मग वाशिष्ठीत जातं. सगळा प्रकल्प मिळून 1,960 मेगावॅटचा आहे. मी सातवी-आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवते, त्यामुळे दर वर्षी फळ्यावर हा डोंगर काढते. पण त्या दिवशी तो पहिल्यांदा अंगाला लागला. पाणी ज्या उंचीवरून पडतं म्हणून एवढी वीज होते, साधारण तेवढीच उंची मला आणि मामाच्या गाडीला चढून जायची होती. मधे होती ती झिजलेली चेन.

घाटाच्या पहिल्या वळणांत मी गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवली आणि मनगट एका जागी थांबवलं. हे वाटतं तेवढं सोपं नाही. आपण गाडी चालवतो तेव्हा उजवा हात सतत काहीतरी करत असतो, सोड-पिळ, सोड-पिळ, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. प्रत्येक वेळी रेस सोडली की चेनची वरची बाजू ढिली पडते आणि खालची ताणते. परत पिळली की उलट. नव्या चेनला त्या बदलात जेमतेम टिचकी बसते. झिजलेल्या चेनमध्ये प्रत्येक सांध्यात पोकळी झालेली असते, त्या सगळ्या पोकळ्या एकदम एका बाजूने दुसऱ्या बाजूला आपटतात. ते मला फुटरेस्टमधून कळत होतं. हात थांबला की पायाखालचं थडथडणं थांबायचं. हात हलला की परत.

हळूहळू मला कळायला लागलं की वळणाच्या आधीच ठरवावं लागतं. वळणात शिरून मग रेस वाढवायची नाही. शिरायच्या आधी थोडी वाढवायची आणि तशीच धरून बाहेर पडायचं. समोरून एसटी येताना दिसली की वळणाच्या अलीकडेच सपाट जागा बघून कडेला घ्यायची, तिला जाऊ द्यायचं, म्हणजे ऐन चढावर थांबायला लागणार नाही. मामाचं मला आठवलं, तो कधीही घाईत ओव्हरटेक करत नसे. मला तो तेव्हा सावध माणूस वाटायचा. एखाद्या वाडीकडे जाणाऱ्या उभ्या चढणीवर, मागे दोरखंड आणि सामान लादलेलं, खाली ओली माती, अशा ठिकाणी रेस एकदम पिळली तर मागचं चाक घसरणारच. म्हणजे त्याचा सगळा सावधपणा मातीतून आलेला होता.

अर्ध्या घाटात पुढे चिऱ्यांचा ट्रक लागला. कोकणातला जांभा चिरा देशावर बांधकामाला जातो, आणि चिऱ्यांनी भरलेला ट्रक कुंभार्लीत चालण्याच्या वेगाने चढतो. त्याच्या मागे धुराचा लोट. ओव्हरटेक करायची सोय नव्हती, कारण त्यासाठी रेस पिळायला हवी. एका वळणावर ट्रक थांबला, गिअर बदलला, थोडा मागे सरकला, आणि मलाही थांबावं लागलं. तो पुढे गेल्यावर मी क्लच हळू सोडत निघायला गेले तेव्हा पहिल्यांदा चेन उडाली.

खाडकन आवाज झाला. पायाखाली कुणी हातोडा मारावा तसा. गाडी क्षणभर सुटल्यासारखी झाली, मग पकडली. पुन्हा सोडला, पुन्हा उडाली.

मी उतरले. गाडी बंद केली नाही. पहिल्या गिअरला, क्लच थोडा थोडा सोडत, गाडीच्या डाव्या बाजूने तिच्याबरोबर चालायला लागले. या जुन्या शंभर सीसी गाड्या पहिल्या गिअरमध्ये रेस न देताही माणसाच्या चालीने पुढे जातात. चढ असल्यामुळे किंचित रेस द्यावी लागत होती. आणि चेन गप्प झाली.

चालता चालता मी हिशेब केला. गाडी एकशेदहा किलोच्या आसपास, मी आणि पाठीवरची बॅग मिळून सत्तर. घाट पंधरा मीटरला एक मीटर चढतो असं धरलं तर हे एकशेऐंशी किलो वर सरकवायला चाकाला साधारण बारा किलोची ओढ लागते, घर्षण धरून चौदा. मागच्या स्प्रॉकेटची त्रिज्या चाकाच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, म्हणून चेनवर ती ओढ साडेतीनपट होते: पन्नासेक किलो. मी उतरल्यावर ती तीसच्या जवळ आली. या मापाची नवी चेन दीड टनाहून जास्त वजन पेलते, तेव्हा चाचा 'तुटायची नाही' म्हणाले ते पूर्ण बरोबर होतं. या हिशेबात गिअरचा कुठेच संबंध येत नाही, हेही मला तेव्हाच नीट उमगलं. सारख्या वेगाने चढताना चेनवरचा ताण फक्त वजनावर आणि चढावर ठरतो, गिअर कुठलाही असो. गिअर मोठा की लहान याचा प्रश्न येतो तो झटक्याच्या वेळी. लहान गिअरमध्ये मनगटाची तेवढीच हालचाल चेनपर्यंत कितीतरी मोठी होऊन पोचते. म्हणून थांबून निघताना उडाली, चढताना नाही.

दोन वळणं चालले. एक दुचाकीवाला थांबून "पेट्रोल संपलं का?" म्हणाला. चेन दाखवल्यावर तो उतरला, त्याच्या डिकीतून पाना काढून मागचा एक्सल घट्ट आहे ना ते तपासून दिलं आणि गेला. घाटात लोक थांबतात. हे मी पुण्या-मुंबईच्या मित्रांना सांगते तेव्हा त्यांना जुनी गोष्ट सांगितल्यासारखी वाटते, पण कुंभार्लीत ते आजही खरं आहे.

एका छोट्या देवळापाशी रस्ता जरा सपाट झाला. तिथे गाडी डबल स्टँडवर घेतली, बुचातून बाटलीतलं ऑईल घातलं, चाक फिरवलं. गाडीवर बसले आणि आता क्लच इतका सावकाश सोडला की गाडी कधी निघाली ते मलाच कळलं नाही. मामा मागे बसून कानाशी जे म्हणायचा ते हेच.

घाटमाथ्याला पोचले तेव्हा हवा बदलली होती. खालचा दमटपणा गेला, वारा कोरडा झाला. टपरीवर चहा घेतला. ज्या चेनवर मी वर आले तिचा विचार करत बसले. दोन पट्ट्या, एक पिन, पिनेवर बुश, म्हणजे एक छोटी नळी, आणि बुशवर फिरणारा रोलर, एवढीच एक कडी. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि मँचेस्टरला स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्डने 1880 मध्ये ती रचना शोधली, आणि आज आपल्या गाड्यांत आहे ती मुळात तीच. रोलर दातावर घासण्याऐवजी फिरतो, ही त्यातली युक्ती. पण पिन आणि बुश यांच्यामध्ये घासणं राहतंच, आणि तिथेच ऑईल पोचायला हवं, तिथेच माती पोचते. लाल मातीचे बारीक कण, पावसाचं पाणी आणि तेल एकत्र झालं की त्याचा लगदा होतो आणि तो लोखंड सावकाश खातो. किनाऱ्याजवळची खारी हवा त्यात भर घालते.

हल्लीच्या कितीतरी गाड्यांवरून पूर्ण कव्हर गेलं. गाडी त्यामुळे दिसायला चपळ होते हे मान्य. पण ज्या मुलखात वर्षातले चार महिने रस्त्यावर चिखल असतो, तिथल्या माणसाच्या गाडीची चेन उघडी ठेवणं मला पटत नाही. हे कव्हर होतं म्हणून एवढ्या चिखलातूनही मामाची चेन इतकी टिकली. ते असलं तर धुणं-तेल घालणं जरा किचकट होतं, बाकी त्याच्या विरुद्ध बोलण्यासारखं काही नाही.

घाटमाथ्यापासून पुढचं थोडक्यात. हेळवाक, कोयनानगर, नदीच्या कडेने पाटण. रस्ता उतरता आणि मग जवळपास सपाट. चौथ्या गिअरवर, चाळीसच्या वेगाने, हात स्थिर. चेन एकदाही उडाली नाही. मल्हारपेठेच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर लागले, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या, मी निमूट मागे राहिले. अंधार पडता पडता घरी आले.

चेनसेट कराडच्या गॅरेजात बदलला. मी सुट्टी घेऊन शेजारी बसून राहिले. जुनी चेन धुऊन फरशीवर सरळ पसरली, बाजूला नवी ठेवली, आणि पट्टीने वीस कड्यांची लांबी मोजली. नवी 254 मिलिमीटर. एका कडीचं अंतर 12.7, म्हणजे बरोबर अर्धा इंच, त्याच्या वीसपट. जुनी 262. साधारण 259 च्या पुढे गेली की बदलायची असते. आठ मिलिमीटर वीस सांध्यांत वाटले तर एका सांध्याला चार दशांश. डोळ्याला दिसणार नाही एवढी झीज प्रत्येक ठिकाणी, आणि सगळी मिळून घाटात चेन उडते.

लोखंड ओढून लांब झालेलं नसतं. एक कडी फोडून आम्ही पिन बाहेर काढली. तिच्यावर मधोमध एक पायरी होती, नखाला लागणारी, चकचकीत. आता ती पिन, बुश आणि रोलर माझ्या वर्गातल्या खोक्यात आहेत. घर्षणाचा धडा आला की मुलं ती हातात घेऊन फिरवतात, नख लावून पायरी शोधतात. धड्यातल्या कुठल्याही चित्रापेक्षा त्यांना ते लवकर समजतं.

पण गॅरेजात मला सगळ्यात जास्त वेळ थांबवून ठेवलं ते पुढच्या स्प्रॉकेटने. मेकॅनिकने ते काढून माझ्या तळहातावर ठेवलं. चिपळुणात घाईत मी दात एका अंगाला झुकलेले पाहिले होते. स्वच्छ झाल्यावर दिसलं की दुसऱ्या अंगालाही ते खाल्लेले आहेत. कमी, पण स्पष्ट.

"हे असं कमी बघायला मिळतं," मेकॅनिक म्हणाला. "एवढं दोन्हीकडून. गाडी डोंगरात चालायची का?"

इंजिन चाकाला ओढतं तेव्हा दाताची एक बाजू झिजते. उतारावर रेस सोडून गाडी गिअरमध्येच ठेवली की चाक इंजिनला ओढतं, इंजिन गाडीला आवरून धरतं, आणि तेव्हा ताण दाताच्या दुसऱ्या बाजूवर येतो. आपल्याकडे पुष्कळ लोक पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात, काही तर बंदही करतात. ज्याच्या दातांची मागची बाजू एवढी झिजली तो माणूस प्रत्येक उतार गिअरमध्ये उतरला असणार. रात्री, पावसात, निसरड्या मातीवर नुसत्या ब्रेकच्या भरवशावर न राहता. मामीने चुलीवर आधण ठेवलेलं असायचं त्या वेळी तो एखाद्या वाडीचा उतार असा सावकाश उतरत असायचा, हे त्या दातांवर वाचता येत होतं. मी ते स्प्रॉकेट बराच वेळ हातात धरून बसले. माझे डोळे भरून आले, आणि मेकॅनिकने न विचारता पुढचं काम चालू ठेवलं याबद्दल मी त्याची आभारी आहे.

त्याने मागच्या हबमधले रबरही काढून दाखवले. स्प्रॉकेट आणि चाक यांच्यामध्ये रबराचे ठोकळे असतात, झटका आधी ते खातात. ते दगडासारखे कडक झाले होते. म्हणजे घाटात चेनला झटक्यापासून वाचवणारं माझ्या क्लचशिवाय काहीच उरलेलं नव्हतं. तेही बदलले. नवी चेन डब्यातून निघाली तेव्हा ती ग्रीसमध्ये भिजलेली, जड, आणि हातात धरली की प्रत्येक सांध्यात सारखी वाकणारी होती.

पुढचं स्प्रॉकेट बसवायच्या आधी मेकॅनिकने विचारलं. जुनं चौदा दातांचं होतं, त्याच्याकडे पंधराचंही होतं. "ताई, पंधराचं टाकू? इकडे सगळा सपाट रस्ता. एक दात वाढला की गाडी मोकळी पळेल, ॲव्हरेजही थोडं वाढेल. चढाला जरा कमी ओढेल, पण कराडात चढ आहेतच कुठे?"

बरोबर होतं त्याचं. मी तरी मामाला फोन लावला. चेन किती झिजली होती ते आधी त्याला सांगितलं, 262. तो मिनिटभर काही बोलला नाही, मग म्हणाला, "त्या चिखलानेच झालं. रबर बघितलेस का?" बघितले, बदलले, म्हटलं. लॉकची क्लिप कुठल्या बाजूला आहे तेही त्याने विचारून घेतलं. मग मी चौदा आणि पंधराचं सांगितलं.

"पंधरा कशाला?" तो म्हणाला. "इकडे यायचं नाही का तुला?"

चौदाचंच बसवलं.